बिरूचा कान

सगळ्यात आधी सांगतो — मी भूतखेत, करणी, दृष्ट वगैरे मानणाऱ्यातला नाही. दुपारी डबा खाताना या सदरातले अनुभव मोबाइलवर वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. माझा धंदाच तसा आहे. गॅरेज. एकवीस वर्षं गाड्या उघडतोय. गाडीतून आवाज आला की त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं नाही तर चूक शोधणाऱ्याची असते, हे मी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली. शोभा, माझी बायको, म्हणाली, "लिहून टाका एकदा, डोक्यातून तरी जाईल." जाईल असं वाटत नाही. पण लिहितो. नावं तेवढी बदलली आहेत.

मी सोलापूरचा. घर शुक्रवार पेठेत. गॅरेज अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, आजूबाजूला सगळे पॉवरलूमचे कारखाने. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय. गाडी उचलायची लिफ्ट आहे, स्कॅनर आहे, गिऱ्हाइकाला बसायला एसी केबिन आहे. हे मिरवायला सांगत नाही. उलट, हे सगळं असून मला जे वाटायचं ते कळावं म्हणून सांगतोय.

बिरू आणि मी एकाच उस्तादाकडं शिकलो. मी डिप्लोमा करून गेलो होतो, बिरू दहावी नापास. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला, डोळे मिटायचा, आणि सांगायचा — तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे. उघडलं की तिसराच. एकदा उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "हाथां दोनों के अच्छे हैं. पन कान एकिच का है."

कुणाचा ते सांगायची गरज नव्हती. मी तेव्हा हसलो होतो, बाकीच्यांबरोबर.

"तुला कळतं कसं बे?" मी त्याला एकदा विचारलं होतं.

तो म्हणाला, "दोनशे मेंढरांत कुठलं पिल्लू वरडतंय, भुकेलंय का पाय अडकलाय, हे न बघता कळावं लागतंय आमच्यात. त्यापेक्षा इंजिन सोपं की. एका जागी हुबं ऱ्हातंय."

पुढं मी हे गॅरेज टाकलं आणि त्यानं विजापूर रोडला, मंद्रूपच्या अलीकडं, एक पत्र्याचं शेड. लिफ्ट नाही, स्कॅनर नाही, बोर्डसुद्धा नाही. आणि माझ्या एसी केबिनमध्ये बसून लोक मला विचारायचे, "ते मंद्रूपकडं बिरू म्हणून एक आहे, त्याला दाखवून बघू का?" मी म्हणायचो, बघा की. दिवसभर मग माझा एक पाना जागेवर बसायचा नाही.

आता त्या गाडीबद्दल. अकलूजचे माने सर, निवृत्त मास्तर, माझे अकरा वर्षांचे गिऱ्हाईक. मुलगी सोलापुरात दिलेली, त्यामुळं महिन्यातून दोनदा येणं. त्यांची डिझेल गाडी. म्हणाले, "बसवराज, पिकअप घेतला की कुणीतरी बारीक आवाजात रडल्यासारखं होतंय."

मी ट्रायल मारली. ऐकू आलं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पाय दाबला की कुईंऽऽ... पाय सोडला की बंद. उभ्या गाडीत रेस केली तर काही नाही. स्कॅनर लावला, एकही एरर नाही. बेल्टवर पाणी मारून पाहिलं, फरक नाही. उभी असताना नाही, चालताना ओढ पडली की येतो — म्हणजे गिअरबॉक्स, असं मी ठरवलं. गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंग बदललं, नवं तेल भरलं, परत चढवला. ट्रायल घेतली. कुईंऽऽ. मग पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग. कुईंऽऽ. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी, तो बुधवार होता, सर फार संकोचून म्हणाले, "राग मानू नका. जावयानं त्या मंद्रूप रोडच्या माणसाचं नाव सुचवलंय. तुम्हीही चला. तुम्ही सोबत असलात म्हणजे बरं."

नाही कसं म्हणणार. गेलो.

बिरू चिंधीला हात पुसत बाहेर आला. "अरे बसू, ये की. किती दिसानं आलास." त्यानं सरांना गाडी चालवायला लावली, स्वतः शेजारी बसला. मी मागच्या सीटवर. माझ्याच गिऱ्हाइकाच्या गाडीत मी मागं बसलोय, हे मला सारखं टोचत होतं.

"सर, तिसऱ्यात वढा. सोडा. आता परत वढा." बिरूनं डोळे मिटले होते. अर्धा किलोमीटर झाला नसेल. "न्हाय. गिअरबॉक्स न्हाय. गिअरच्या आवाजाला दात असत्यात. ह्याला दात न्हाईत. ही हवा हाय."

शेडवर येऊन त्यानं बॉनेट उघडलं, टर्बोकडून इंजिनाला हवा नेणाऱ्या रबरी पाइपच्या खालून बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबला. क्लॅम्पच्या लगत, खालच्या अंगाला, केसाएवढी चीर होती. गाडी उभी असली की मिटलेली. पिकअप घेतला, आत हवेचा दाब वाढला की ती उघडायची आणि तिथून शीळ. मी तो पाइप वरून दोनदा हातानं चाचपला होता. खालून नाही.

एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण तो वाकून खाली बघत सरांना म्हणाला, "गिअरबॉक्स बसूनं बांधलाय न्हवं? बघा, कुटं तेलाचा थेंब न्हाय. असं काम मला जमत न्हाय, सर." तो मनापासून बोलत होता. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

नवीन पाइप टाकून आम्ही परत निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. गाडी गप्प. सर दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "काय माणूस आहे." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. इथं मी खोटं लिहिणार नाही. बिरूचा कान मला मिळावा असं माझ्या मनात आलं नाही. त्याच्याकडं तो नसावा, एवढंच आलं. शब्दसुद्धा आठवतात. जाऊ दे त्याचा कान. तोंडातून काही निघालं नाही. निघालं असतं तर सरांनी ऐकलं असतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. फ्रिज चालू होता. त्या घरघरीच्या आत एक बारीक किरकिर ऐकू आली. मी कप खाली ठेवला. किरकिरीच्या मागं आणखी एक. मग खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर, तिच्या पंख्याचं एक पातं कशाला तरी घासतंय. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, तिची चेन, तिचं मागचं चाक, सायलेन्सरचा सैल नट... आवाज मोठे झाले नव्हते. सुटे झाले होते. गाठोडं सोडून एकेक कपडा वेगळा ठेवावा तसे. शोभानं मिक्सर लावला आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवून उठलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मिक्सरमध्ये काहीतरी रडतंय."

"मिक्सर आहे तो," ती म्हणाली.

गॅरेजवर गेलो. आमच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. एकवीस वर्षं तो खडखडाट ऐकतोय, म्हणजे ऐकूच येत नव्हता म्हणा. त्या दिवशी प्रत्येक माग वेगळा कळत होता. एकाचं काहीतरी कोरडं होतं. मला राहवेना. आत गेलो, मालकांना म्हटलं, कोपऱ्यातून चौथा माग, डाव्या बाजूचं बेअरिंग बघा. ते माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होते. तरी माग थांबवून हात लावला, तर बेअरिंग चटका बसेल इतकं तापलेलं.

मला काय आनंद झाला ते लिहिता येणार नाही. वाटलं, माझाच कान आहे, इतकी वर्षं झोपला होता, आता जागा झाला. बिरूचा विचारसुद्धा शिवला नाही.

पण आठ दिवसांत घोळ कळायला लागला. गाडी आली की मला चाळीस आवाज ऐकू यायचे, आणि त्यातला दुखणं कुठला आणि गाडीचा नेहमीचा श्वास कुठला ते कळायचं नाही. तापलेल्या बेअरिंगचं सोपं होतं, ते उघड ओरडत होतं. बाकी ठिकाणी मी चांगली इंजिनं उघडायला लागलो. एका आठवड्यात तीन. काही सापडायचं नाही. गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायला लागली. घरी टीव्ही नको, पंखा नको, ट्यूबलाइटचा चोक नको. शोभा हळूच म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या का?"

त्याच आठवड्यात मंद्रूपची दोन गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. विचारलं, बिरूकडं का नाही गेलात? म्हणाले, "त्याचं शेड बंद हाय की. आजारी हाय म्हणत्यात."

पहिल्यांदा मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो. मग गाडीतला तो बुधवार आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शेडला कुलूप, मागं त्याचं घर. बिरू अंगणात बाजेवर बसला होता. समोर दावणीला दोन शेळ्या आणि एक पिल्लू.

"काय होतंय बे?" मी विचारलं.

"तुझं ऐकू येतंय," तो म्हणाला. "माणसाचं सगळं ऐकू येतंय. बारीक आवाज गेलं, बसू. पाखरं न्हाईत. शिट्टी न्हाय. परवा एका गाडीला कान लावला, नुसतं डबडब... पाण्यात बुडून ऐकल्यागत."

"कधीपासनं?"

"मागच्या गुरुवारपासनं. सकाळी उठलो, शेळीच्या धारेला बसलो. तिचं पिल्लू तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय. आवाज न्हाय. मला वाटलं त्याचाच गळा बसलाय. बायको म्हणली, वरडतंय की किती."

"किती वाजता?"

"सात वाजलं असतील. का?"

मी बाजेच्या दोरीकडं बघत राहिलो. त्या क्षणी त्या पिल्लानं तोंड उघडलं, आणि मला ते ऐकू आलं. बिरू माझ्या तोंडाकडं बघत होता, म्हणाला, "वरडलं का आता?" मी मान हलवली.

त्याला मीच सोलापुरात कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. तपासणी झाली. वरच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांतून गेलेले, अगदी सारखे. डॉक्टर म्हणाले, गोंगाटात काम करणाऱ्यांचं असं होतं, पण वर्षानुवर्षं हळूहळू होतं. "एका रात्रीत? जवळ काही स्फोट झाला होता का?" बिरू म्हणाला, "न्हाय. झोपलो हुतो."

मी म्हटलं, आलोच आहे तर माझेही बघा. तपासणाऱ्या ताईंनी मशिन दोनदा तपासलं. "तुमचं वय सेहेचाळीसच ना? असा रिपोर्ट लहान मुलांचा येतो. आणि तुम्ही ग्राइंडरजवळ काम करता म्हणता?" बाहेर बाकावर मी दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले. त्याची रेघ जिथून खाली पडली होती, तिथूनच माझी वर गेली होती. बिरू औषधं आणायला गेला होता. मी माझा कागद घडी करून खिशात घातला.

त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जवळजवळ महिनाभर नाही.

मग मंद्रूपच्या सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई गाडी घेऊन आल्या. बिरूचं जुनं गिऱ्हाईक. तीच तक्रार, पिकअप घेताना कुईं. रोज तीन-चार गावं फिरायची, गाडी रस्त्यात बंद पडून चालणार नव्हतं. मी ट्रायल घेतली. आवाज इतका स्वच्छ ऐकू येत होता की त्याचा आकार काढून दाखवला असता. पण कशाचा? कळेना. आणि आता आणखी एक चांगलं इंजिन उघडायची माझी हिंमत नव्हती. बिरूला फोन केला आणि म्हटलं, ये.

तो एसटीनं आला. गाडीत माझ्याशेजारी बसला.

"मला ऐकू येत न्हाय, बसू. तू सांग. कसा हाय?"

"बारीक. पाय दाबला की वर चढतो."

"उभ्या गाडीत रेस केल्यावर?"

"येतो."

"दात हायती का?"

मी ऐकलं. पहिल्यांदाच मला तो काय म्हणत होता ते कळलं. "नाहीत. गुळगुळीत आहे. पण हवेसारखा मोकळा नाही. गोल फिरतोय."

"हेडलाइट लाव. एसी लाव, फुल कर." मी लावलं. "आता?"

"वाढला. किंचित."

"सगळं बंद कर."

"उतरला."

"अल्टरनेटर," बिरू म्हणाला. "लाइटीचा भार पडला की रडतंय. आतली बेअरिंग बघ."

अल्टरनेटर खोलला. मागचं बेअरिंग खडबडीत झालेलं. दीड-दोन तासांत नवीन बसवलं, गाडी गप्प झाली. नर्सबाई बिरूच्या पाया पडायच्या तेवढ्या राहिल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी मदत केली ते बरं झालं."

त्या गेल्यावर लिफ्टखाली उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. बुधवार दुपारचं, मनातले शब्द, गुरुवारची सकाळ, खिशातला कागद. तो खाली बसला. बराच वेळ चिंधीनं हात पुसत राहिला, हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मोठ्यानं म्हणलास का मनात?"

"मनात."

"मग मीबी लई येळा म्हणलोय," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी ही लिफ्ट पडू दे म्हणून. तुझ्या एसीला आग लागू दे म्हणून. पावसाळ्यात चिखलात गाडीखाली झोपताना म्हणायचो. लई वर्सं म्हणलोय, बसू." त्यानं वर लिफ्टकडं बघितलं. "हुबी हाय की अजून."

इतकी वर्षं मला वाटत होतं जळणारा मी एकटाच आहे.

"मग माझ्याच म्हणण्यानं का झालं?" मी विचारलं.

"ते मला काय ठावं? तू डिप्लोमावाला." मग माझ्याकडं न बघता, "पिल्लाचा आवाज तेवढा पायजे हुता रे. बाकीचं चाललं असतं." एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्यानं तो विषय काढलेला नाही. मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यानं पाना मागितला.

आता तो माझ्या गॅरेजवरच असतो. मी ऐकतो आणि सांगतो, तो डोळे मिटून विचारतो आणि ओळखतो. दोन वर्षांत आमचं निदान चुकलेलं नाही. डॉक्टरांकडं दरवर्षी जातो आम्ही, दोघांचेही कागद आहेत तसेच आहेत. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, योगायोग. असेल. एकाचं एका सकाळी जावं आणि दुसऱ्याला त्याच सकाळी यावं, आणि दोघं आदल्या दिवशी एकाच गाडीत बसलेले असावेत... मी कारण शोधायचं सोडलेलं नाही, पण सापडलेलं नाही. कुणाला याचं काही ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा. चेष्टा केली तरी चालेल, मीही करायचो.

मत्सर गेला का, असं विचाराल. नाही गेला. गेल्या महिन्यात पुण्याहून एक गिऱ्हाईक मुद्दाम आलं. तासभर मी गाडी चालवून प्रत्येक आवाज सांगितला, आणि बिरूनं एका वाक्यात दुखणं सांगितलं. त्या माणसानं उठून त्याला नमस्कार केला, माझ्यासमोर. छातीत ते जुनंच काहीतरी वर आलं. मी घाईनं बाहेर गेलो, रस्त्यावर उभा राहून जाणाऱ्या ट्रकांचे नंबर वाचत बसलो, मनात दुसरा कुठलाही शब्द येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बिरूला फोन लावला. म्हटलं, "गाडी वळताना पुढून कटकट येते, सरळ जाताना येत नाही. काय असेल?"

"ॲक्सलचा जॉइंट," तो झोपेतच म्हणाला. "एवढ्यासाटी उठवलंस व्हय? तुला म्हाईत न्हाय का?"

मला माहीत होतं. त्याचं ओळखणं जागेवर आहे का, तेवढं बघायचं होतं. फोन ठेवला आणि मग चहा घेतला.